धंद्यासाठी गाडी घेताना : कर्ज, व्याज आणि आयकर



कोलियांच्या नगरातील दीघजाणु नावाचा गृहस्थ भगवान बुद्धांकडे गेला आणि बायका-मुलांत राहणाऱ्या माणसाचे हित कशात आहे, असे त्याने विचारले. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उद्योगीपणा, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे आपली आवक आणि जावक ओळखून, आवक नेहमी वरचढ राहील अशा बेताने संसार करणे. अंगुत्तर निकायातील हे सुत्त आपल्या विहारातून वाचले जाते, त्यावर प्रवचनेही होतात. मात्र शोरूममध्ये पंधरा-वीस कागदांवर सह्या करताना ते कोणाला आठवत असेल असे वाटत नाही.

अल्लीपूरसारख्या गावातला तरुण स्वतःच्या पायावर उभा राहायचे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार बहुधा गाडीचा येतो. हिंगणघाटच्या बाजारात माल न्यायला पिकअप, वर्धा-सेवाग्रामला पेशंट आणि पाहुणे पोहोचवायला टॅक्सी, मंडप-डेकोरेशनचे सामान वाहायला छोटा हत्ती. कोणी विमा एजंट असतो, कोणी वकील, कोणी ठेकेदार. त्यांना फिरायला कार हवी असते. विचार चांगलाच आहे. पण गाडी विकणारा आणि कर्ज देणारा, दोघेही एक वाक्य हमखास सांगतात : गाडी घ्या, टॅक्स वाचतो. हे वाक्य कोणाच्या बाबतीत खरे आहे आणि कोणाच्या बाबतीत नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. बाबासाहेब हे मुळात अर्थशास्त्रज्ञ. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा १९२५ चा. त्यांच्या अनुयायांनी निदान आपल्या घरच्या कराचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान्य करू नये.

मुळात कर लागतो किती?

आयकरात खर्चाची वजावट मिळते, याचा अर्थ पुष्कळ लोक चुकीचा घेतात. शंभर रुपये व्याज भरले म्हणजे शंभर रुपये कर वाचत नाही. त्या शंभर रुपयांवर जो कर लागला असता तेवढाच वाचतो. तो पाच टक्के असेल तर पाच रुपये, वीस टक्के असेल तर वीस रुपये, आणि करच लागत नसेल तर शून्य.

आता करच लागत नाही असे किती लोक आहेत ते पाहा. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. पुढे टप्प्याटप्प्याने ५, १०, १५ टक्के असा कर लागतो. पण एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर निवासी व्यक्तीला सूट मिळून नेहमीच्या उत्पन्नावरचा कर शून्य होतो. उत्पन्न म्हणजे उलाढाल नव्हे, खर्च जाऊन उरलेला नफा. आपल्या भागातील गाडीवाला, दुकानदार, मिस्त्री, इलेक्ट्रिशियन, यांपैकी वर्षाला निव्वळ १२ लाख मिळवणारे किती निघतील? त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत गाडी घेऊन टॅक्स वाचवण्याचा प्रश्नच उरत नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी पाच वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेण्यात काय हशील?

मग या वर्गाने आयकराकडे पाहायचेच नाही का? पाहायचे, पण वेगळ्या कारणाने.

मालवाहू गाडी आणि ठोक हिशेब

छोट्या धंदेवाईकांनी वह्या-खाती न ठेवता ठोक अंदाजाने नफा दाखवावा अशी सोय कायद्यात आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात मालवाहू गाड्यांसाठी कलम ४४ एई होते, इतर धंद्यांसाठी ४४ एडी आणि डॉक्टर-वकिलांसारख्यांसाठी ४४ एडीए. त्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा आयकर कायदा आला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात या तिन्ही सोयी कलम ५८ मध्ये एकत्र केल्या आहेत. लोकांच्या तोंडी जुनेच आकडे बसलेले असल्याने येथेही तेच वापरतो.

ज्याच्याकडे वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नाहीत, त्याने १२ टनांपर्यंतच्या प्रत्येक गाडीमागे दरमहा साडेसात हजार रुपये उत्पन्न धरायचे. महिन्यातले काही दिवसच गाडी ताब्यात असली तरी पूर्ण महिना धरतात. म्हणजे एका पिकअपचे वर्षाचे उत्पन्न ९० हजार. हप्त्याने घेतलेली गाडीही मालकीचीच समजली जाते. मात्र या ९० हजारांतून डिझेल, टायर, ड्रायव्हर, कर्जाचे व्याज किंवा घसारा पुन्हा वजा करता येत नाही. ते सगळे वजा झालेच आहे असे कायदा मानतो. म्हणजे व्याज ९ टक्क्यांचे असो की १८ टक्क्यांचे, या गाडीवाल्याला आयकरात काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो खिशात.

येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते आपल्या तरुणांचे सर्वात मोठे नुकसान इथेच होते. कायदा म्हणतो की, दरमहा साडेसात हजार किंवा प्रत्यक्ष मिळालेले उत्पन्न, यांपैकी जे जास्त तुम्ही सांगाल ते धरावे. पण विवरणपत्र भरून देणारा सवयीने ९० हजारच लिहितो आणि गाडीवालाही खूश होतो. पुढच्या वर्षी तोच गाडीवाला दुसऱ्या गाडीसाठी बँकेत जातो. पाच लाखांचे कर्ज, ११ टक्के घटत्या शिलकीवर, तीन वर्षे मुदत, असे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,३७० रुपये आणि वर्षाचे सुमारे १ लाख ९६ हजार होतात. ज्याचे सारे उत्पन्नच कागदावर ९० हजार आहे तो हे हप्ते भरणार कुठून, असे मॅनेजर विचारतो. अर्ज परत येतो. मग तो खासगी फायनान्सकडे जातो, तिथे कागद कमी आणि व्याज भारी.

त्याच माणसाने महिन्याचे खरे तीस हजार सुटतात म्हणून ३ लाख ६० हजार दाखवले असते, तर कर किती लागला असता? शून्य. सहा लाख दाखवले असते तरी शून्य. उत्पन्न लपवून एक रुपया वाचला नाही आणि बँकेचे दार मात्र बंद झाले. बँका साधारणपणे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात, म्हणून गाडी घ्यायचा विचार असेल त्याच्या दोन वर्षे आधीपासून, कर लागत नसला तरी, खरे विवरणपत्र मुदतीत भरत राहावे. ४ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ते भरणे सक्तीचेच आहे. आणखी एक उपयोग सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. रस्त्यावर बरेवाईट झाले तर मोटार अपघात न्यायाधिकरणात घरच्यांना उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो आणि तिथे विवरणपत्राला वजन असते. कागदावर ९० हजार असतील तर भरपाईही त्याच मापाने मागावी लागते.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यापुढे गेले की निर्वाह भत्ता जातो. मात्र फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ राहते. महामंडळाच्या काही योजनांनाही उत्पन्नाची अट असते. तेव्हा घरात कॉलेजला जाणारी मुले असतील तर भत्त्याची रक्कम आणि कर्जावरच्या व्याजातला फरक समोरासमोर मांडून पाहावा. बहुतेक वेळा व्याजाचा फरक मोठा निघेल. पण तहसीलदाराच्या दाखल्यावर साठ हजार आणि विवरणपत्रात साडेतीन लाख, असा दोन तोंडांचा कारभार करू नये. पॅन आणि आधार जोडलेल्या काळात तो उघडा पडायला वेळ लागत नाही.

दुकानदाराची कार

४४ एडीमध्ये उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरतात. उलाढालीची मर्यादा २ कोटी. रोखीचा हिस्सा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. प्रवासी टॅक्सी चालवणाराही याच कलमात येतो, कारण ४४ एई केवळ मालवाहू गाड्यांसाठी आहे. इथेही कारचे व्याज आणि घसारा वेगळा मिळत नाही. किराणा दुकानदाराने दुकानाच्या नावावर कार घेतली म्हणून त्याचा कर कमी होत नाही. कार हवी असेल तर घरची गरज म्हणून घ्यावी, धंद्याचे नाव देऊन स्वतःचीच समजूत घालू नये.

ज्याला खरोखर फायदा होतो तो

हिंगणघाटच्या बाजार समितीतील अडत्या किंवा मोठा विमा एजंट यांचे उत्पन्न कमिशनचे असते. कमिशनच्या उत्पन्नाला ४४ एडीची सोय नाही. त्यांना रीतसर वह्या ठेवाव्या लागतात. म्हणूनच त्यांना गाडीचा खर्चही रीतसर दाखवता येतो : डिझेल, विमा, दुरुस्ती, कर्जाचे व्याज आणि घसारा.

स्वतःच्या धंद्यासाठी वापरलेल्या कारवर घसारा १५ टक्के मिळतो. भाड्याने फिरवण्याच्याच धंद्यातील टॅक्सी, बस, ट्रक यांवर ३० टक्के. दरवर्षी उरलेल्या किमतीवर तो मोजतात. नऊ लाखांची कार असेल तर पहिल्या वर्षी १,३५,०००, दुसऱ्या वर्षी १,१४,७५०, असा तो उतरत जातो. कर्ज किती घेतले याच्याशी घसाऱ्याचा संबंध नाही. गाडीची पूर्ण किंमत धरतात. घरच्या कामासाठी गाडी जितकी वापरली तितका हिस्सा मात्र वगळावा लागतो.

समजा अशा एका एजंटाचे, कारचा खर्च धरण्यापूर्वीचे, करपात्र उत्पन्न १३ लाख आहे. त्याला २० हजार, ४० हजार आणि १५ हजार मिळून ७५ हजार कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ७८ हजार भरावे लागतील. त्याने वर्षाच्या सुरुवातीला नऊ लाखांची कार घेतली, पाऊण वापर धंद्याचा, पहिल्या वर्षीचे व्याज ६० हजार. घसाऱ्याचे १,०१,२५० आणि व्याजाचे ४५,००० वजा जाऊन उत्पन्न ११,५३,७५० राहते. ते १२ लाखांच्या आत आले, कर शून्य झाला. येथे शोरूमवाल्याचे वाक्य खरे ठरले. पण ते बाराच्या थोडे वर असणाऱ्याच्या बाबतीत. १५ लाखांवर असणाऱ्याला हीच वजावट १५ टक्के दराने सुमारे २२,८०० रुपये देते, आणि आठ लाख दाखवणाऱ्याला काहीच देत नाही.

तारखेचेही महत्त्व आहे. गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजले तर ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते. २०२५ मध्ये अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी गाडी घेऊन वापरायला काढणाऱ्याला पूर्ण घसारा आणि दिवाळीच्या पाडव्याला घेणाऱ्याला निम्मा. २०२६ मध्ये विजयादशमी २० ऑक्टोबरला आहे, तेव्हा मुहूर्त पाहणाऱ्याने निम्म्याची तयारी ठेवावी. आपल्याला मुहूर्ताचे बंधन नाही, हा आपला फायदा.

वकील, डॉक्टर, इंजिनियर यांना ४४ एडीएमध्ये निम्मी मिळकत नफा म्हणून दाखवता येते. त्यांनी कारचा खर्च वेगळा दाखवून निम्म्याहून कमी नफा धरायचा म्हटले तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात. प्रत्यक्ष खर्च मिळकतीच्या निम्म्याहून पुष्कळ जास्त असेल तरच त्या वाटेने जावे.

बँकेचे व्याज खर्चात धरायचे तर ते प्रत्यक्ष भरलेले असावे लागते. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे कर्ज केले म्हणजे ते भरले असे होत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या व्याजावर दीड लाखांची खास वजावट होती, ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरती आणि जुन्या करप्रणालीपुरती. आज नवे कर्ज घेणाऱ्याला कोणी ती सांगत असेल तर ऐकू नये.

भाडेपट्ट्याने, म्हणजे लीजवर, कार घेण्याची पद्धत शहरात आहे. त्यात मालक लीज कंपनी असते, घसारा तिला मिळतो आणि आपल्याला भाडे खर्चात दाखवता येते. गावपातळीवर तिचा फारसा उपयोग नाही.

जीएसटीचे थोडे

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कार, तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्के आहे. हा फायदा सर्वांना, विवरणपत्र भरा की न भरा. भरलेल्या जीएसटीची वजावट मात्र कारवर मिळत नाही. ड्रायव्हर धरून तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना ती बंद आहे, टॅक्सीचा किंवा ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा असल्यासच अपवाद. स्वतःचा माल वाहण्यासाठी पिकअप घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला ती मिळते. सात लाखांच्या पिकअपवर १ लाख २६ हजार ही लहान रक्कम नव्हे. तेवढ्या भागावर घसारा मागता येत नाही आणि कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला ही वजावट नाही.

कर्ज कोणाचे घ्यावे

वर म्हटल्याप्रमाणे बहुतेकांची खरी बचत करात नाही, व्याजात आहे. फायनान्सवाला दहा टक्के सांगतो आणि बँक अकरा टक्के सांगते, म्हणून लोक फायनान्सकडे वळतात. पण त्याचे दहा टक्के फ्लॅट असतात, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच. पाच लाखांना तीन वर्षांत दीड लाख व्याज, हप्ता १८,०५६ रुपये. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर सुमारे १८ टक्के पडतो. बँकेच्या अकरा टक्क्यांनी एकूण व्याज ८९,३०० च्या आसपास होते. फरक साठ हजारांहून जास्त. आयकरातली कोणतीही युक्ती पिकअपवाल्याला एवढे पैसे मिळवून देणार नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने कर्ज देणाऱ्याने, बँक असो की फायनान्स कंपनी, सही घेण्यापूर्वी मुख्य तथ्यांचे पत्रक दिले पाहिजे, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. त्यात सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. फ्लॅट की घटता, हा वाद न घालता तो एक आकडा दोन ठिकाणचा ताडून पाहावा. पत्रक दिले नाही तर सही करू नये.

आपल्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध त्याचे लाभार्थी. त्याच्या बीजभांडवल योजनेची रचना अशी की, ७५ टक्के कर्ज बँकेचे, २० टक्के महामंडळाचे ४ टक्के व्याजाने आणि ५ टक्के आपले. प्रकल्पाची मर्यादा आणि अनुदान वेळोवेळी बदलते, ते वर्ध्याच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळते : शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. टॅक्सी, पिकअप यांना ते मिळते, घरच्या कारला नाही.

गाडी कोणाच्या नावावर? आपल्या घरांत वडील शाळेत किंवा एसटीत नोकरीला असतात, त्यांच्या पगारपत्रकावर कर्ज सहज निघते, म्हणून गाडी त्यांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. मग पगाराच्या उत्पन्नातून गाडीचा खर्च वजा होत नाही आणि मुलगा मालक नसल्याने त्याला घसारा मागता येत नाही. त्याचे नावही बँकेत तयार होत नाही. त्यापेक्षा कर्ज आणि गाडी मुलाच्या नावावर आणि वडील जामीनदार, हे बरे. जामीनदाराच्या पगारातून वसुली होऊ शकते, हे घरात आधी स्पष्ट बोलून घ्यावे. भाड्याने फिरवायची गाडी पिवळ्या पाटीचीच असावी. पांढऱ्या पाटीवर भाडे मारले आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

रोखीचा व्यवहार टाळावा. एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिली तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे वह्या ठेवणाऱ्याचा तेवढ्यावरचा घसारा कायमचा गेला. नातेवाइकाकडून हातउसने घेतले तरी वीस हजार किंवा जास्त रोखीने घेऊ नये, चेकने किंवा खात्यावर घ्यावे. नाहीतर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. दहा लाखांहून महाग गाडीवर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो. तो आपल्याच पॅनवर जमा असतो. कर लागत नसेल तर विवरणपत्रात मागून तो परत मिळतो, पण पुष्कळ लोक मागतच नाहीत.

शेवटचा हप्ता भरला की काम संपले असे समजून लोक घरी बसतात. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा तसाच असतो आणि गाडी विकायची वेळ आली की धावपळ होते. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ त्याच आठवड्यात घ्यावा, वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात बोजा उतरवून घ्यावा आणि विमा पॉलिसीवरूनही बँकेचे नाव काढून टाकण्यास सांगावे.